ऑल-इन झाल्यावर कोणाला किती? साइड पॉटचा हिशोब एकदा नीट

तुम्ही लिहून पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीत घरी सहा जण चिप्सवर टेक्सास होल्डेम (प्रत्येकाचे दोन पत्ते आणि मधे पाच सामाईक, असा पोकर) खेळायला बसले, एका हातात, म्हणजे डावात, तीन जण ऑल-इन गेले, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स टाकून बसले, त्यात मामांकडे सगळ्यात कमी चिप्स होत्या आणि नेमका त्यांचाच हात सगळ्यात भारी निघाला, त्यांनी टेबलवरचं सगळं ओढून घेतलं, दादा म्हणाला असं नसतं, आणि फराळाची ताटं येईपर्यंत वाद मिटला नाही. तर खरं कोणाचं?

दादाचं. मामांना सगळं मिळत नाही, पण दादा जे म्हणत होता की "मामांना फक्त त्यांचे ४०० दुप्पट करून द्या" तेही चूक आहे. दोघांच्या मधे कुठेतरी उत्तर आहे.

मी पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर पोकर टेबलवर पत्ते वाटायचं काम बरीच वर्षं केलंय, नंतर फ्लोअरला, म्हणजे टेबलवर भांडण झालं की ज्याला हाक मारतात तो माणूस. गोव्याच्या स्थानिकांना आत खेळायला बंदी आहे त्यामुळे समोर बसणारे जवळपास सगळे बाहेरचे, मुंबई पुणे हैदराबाद दिल्ली, आणि त्यातले पुष्कळ जण मोबाइलवर पोकर शिकून आलेले. ते हात छान खेळतात पण तिघे ऑल-इन गेले की डीलरच्या तोंडाकडे बघत बसतात, कारण ॲपमधे साइड पॉट, म्हणजे मधल्या पॉटपासून वेगळा काढलेला बाजूचा ढीग, आपोआप बनायचा, स्वतः कधी मांडायची वेळच आली नव्हती. आता २०२५ च्या ऑगस्टमधे ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैशांवरची ॲप्स बंद झाली, आणि लोक परत घरी पत्ते घेऊन बसायला लागले, तेव्हा हा प्रश्न आता जास्त येणार. (घरी पैशांवर खेळणं कायद्यात कुठे बसतं हा वेगळा विषय आहे, तुम्ही नुसत्या चिप्सवर खेळताय असं धरून लिहितो.)

सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे, त्याला टेबल स्टेक्स म्हणतात. हात सुरू होताना तुमच्या समोर जेवढ्या चिप्स आहेत तेवढ्याच त्या हातात खेळतात. मधेच खिशातून काढायच्या नाहीत, शेजाऱ्याकडून उसन्या घ्यायच्या नाहीत, आणि उलट बाजूने, समोरच्याने तुमच्या ऐपतीबाहेरची बेट लावली म्हणून तुम्हाला कोणी हाताबाहेर काढू शकत नाही. जेवढं आहे तेवढं टाका आणि शेवटपर्यंत थांबा. पण मग साहजिकच, जेवढं टाकलंत तेवढंच प्रत्येकाकडून जिंकता येणार. ४०० टाकणाऱ्याला प्रत्येकाचे जास्तीत जास्त ४०० मिळणार, कारण हरला असता तर त्याचेही ४०० च गेले असते. भिशीत हजार भरणाऱ्याला पाच हजारवाल्या भिशीचा नंबर लागत नाही ना, तसंच.

आपल्याकडे घोळ होतो तो बहुतेक तीन पत्तीमुळे. घरोघरी दिवाळीत तीन पत्तीच खेळलेली असते, तिथे चिल्लर संपली की एकतर पॅक व्हायचं नाहीतर "लिहून ठेव, उद्या देतो" म्हणायचं, म्हणजे पॉट नेहमी एकच राहतो. ती सवय घेऊन माणूस पोकरला बसला की त्याला वाटतं जिंकला तो सगळं घेऊन जाणार. पोकरमधे उधारी नाही, म्हणून एका हातात दोन, तीन, चार पॉट होऊ शकतात.

आता तुमचाच हात घेऊ. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मी असा मांडलाय: बिग ब्लाइंड (पत्ते वाटायच्या आधीच टाकायची सक्तीची बेट) ५० चा, तो मावशींचा, स्मॉल ब्लाइंड तुमचा. मामा पहिले बोलले, ४०० ऑल-इन. काकांनी ४०० कॉल केले, म्हणजे तेवढेच टाकले. दादा १,१०० ऑल-इन. वहिनी २,५०० ऑल-इन. तुमच्याकडे ३,००० होते, तुम्ही कॉल केलं म्हणजे तुमचे २,५०० लागले (ब्लाइंडचे २५ त्यातच धरा). मावशी फोल्ड (पत्ते टाकले), त्यांचे ५० आत राहिले. काकांनी बघितलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय, ते पण फोल्ड, त्यांचे ४०० आत राहिले.

टेबलवर एकूण ६,९५० आहेत. आणि इथेच घरी सगळे चुकतात, ते हा एकूण आकडा घेऊन त्यातून वजाबाक्या करत बसतात, मामांचे किती, दादाचे किती, मग कोणाचे तरी दोनशे कमी पडतात. एकूण आकडा विसरा. तो फक्त शेवटी ताळा करायला लागतो. सगळ्यात छोट्या ऑल-इनपासून सुरुवात करा आणि वर चढत जा.

सगळ्यात छोटा ऑल-इन मामांचा, ४००. मग टेबलवरच्या प्रत्येकाच्या पुढच्या ढिगातून ४०० उचला, ज्याचे ४०० नाहीत त्याचे जेवढे आहेत तेवढे. मामा ४००, काका ४००, दादा ४००, वहिनी ४००, तुम्ही ४००, आणि मावशींचे ५०. झाले २,०५०. हा मेन पॉट. हा पाची जणांनी भरला, मावशींनी थोडा भरला, पण त्यावर हक्क फक्त चौघांचा कारण काका आणि मावशी फोल्ड झाल्या. फोल्ड केलेल्याचे पैसे मेलेले पैसे, ते ज्या थरात पडलेत त्या थरात राहतात, मालक मात्र कोणी नाही. दादा विसरला ते हेच, मामांना दुप्पट नाही, पाचपटीहून थोडं जास्त मिळायला हवं होतं.

आता पुढचा छोटा ऑल-इन दादाचा, १,१००. त्यातले ४०० आधीच उचलले, राहिले ७००. दादाचे ७००, वहिनींचे ७००, तुमचे ७००. झाले २,१००. हा पहिला साइड पॉट, हक्क तिघांचा, मामांचा यात काही संबंध नाही.

मग वहिनी. २,५०० मधून १,१०० गेले, राहिले १,४००. त्यांचे १,४०० आणि तुमचे १,४००. झाले २,८००. हा दुसरा साइड पॉट, यात फक्त वहिनी आणि तुम्ही.

तुमचे उरलेले ५०० तुमच्याकडेच. तुम्ही समजा उत्साहात "मी पण ऑल-इन" म्हणून सगळे ३,००० ढकलले असते तरी ते ५०० परतच आले असते, कारण त्याला कॉल करणारं कोणी नाही. ज्या थरात एकच माणूस आहे तो पॉट नाही, ते त्याचे स्वतःचे पैसे आहेत, पत्ते उघडायच्या आधीच परत द्यायचे. हे सांगतो कारण घरी मी पाहिलंय, लोक तो एकट्याचा ढीगही "तिसरा साइड पॉट" म्हणून मधे ठेवतात आणि मग दुसराच कोणीतरी जिंकून घेऊन जातो. कॅसिनोत रेक (पॉटमधला कॅसिनोचा हिस्सा) कापतात, तो सुद्धा या परत जाणाऱ्या चिप्सवर लागता कामा नये.

ताळा: २,०५० अधिक २,१०० अधिक २,८००, बरोबर ६,९५०. जुळलं नाही तर पत्ते उघडू नका, आधी पॉट परत मोजा.

आता निकाल. बोर्डवर, म्हणजे मधल्या पाच सामाईक पत्त्यांत, इस्पिक राजा, चौकट नव्वी, किलवर पंजी, बदाम सत्ती, इस्पिक दुर्री. मामांकडे नव्व्यांची जोडी, म्हणजे तीन नव्व्या. दादाकडे एक्क्यांची जोडी. वहिनींकडे राण्यांची जोडी. तुमच्याकडे एक्का-राजा, म्हणजे राजांची जोडी लागली.

वाटप उलटं करायचं, सगळ्यात शेवटी बनलेल्या पॉटपासून. दुसरा साइड पॉट वहिनी विरुद्ध तुम्ही, राजांची जोडी मोठी, २,८०० तुमचे. वहिनींनी पत्ते ठेवले. मग पहिला साइड पॉट, दादा विरुद्ध तुम्ही, एक्के मोठे, २,१०० दादाचे. मग मेन पॉट, मामा विरुद्ध दादा, तीन नव्व्या, २,०५० मामांचे.

म्हणजे मामांना ४०० टाकून १,६५० चा फायदा, दादाला १,१०० टाकून १,००० चा, आणि तुम्ही टेबलवर तिसऱ्या नंबरचा हात असून ३०० ने वर. बोचलं ते सगळं वहिनींना, २,५०० गेले. तिसऱ्या नंबरच्या हाताने सगळ्यात मोठा पॉट कसा काय नेला असं नवीन माणसाला वाटतंच, पण त्या २,८०० मधे मामांचा आणि दादाचा एक रुपयाही नव्हता.

उलट क्रमाने का वाटायचं? मेन पॉट आधी दिला तर काय होतं, मामांनी तीन नव्व्या दाखवल्या, सगळे "वा मामा" म्हणाले, आणि बाकीच्यांनी हात हरला समजून पत्ते गड्डीत मिसळले. आता साइड पॉट कोणाचा? पत्तेच नाहीत. बोटीवर नव्या डीलरला पहिल्या आठवड्यात हेच घोटून घेतात, बाहेरून आत या, आणि पॉट ढकलून झाल्याशिवाय कोणाचेही पत्ते उचलू नका. घरी त्याहून सोपं करा, ऑल-इन नंतर बोलायला काहीच उरलं नसेल तर सगळ्यांनी पत्ते सरळ उघडे करून ठेवायचे. टुर्नामेंटमधे तर तो नियमच आहे, एकजण ऑल-इन आणि पुढे बेटिंग शक्य नाही म्हटल्यावर सगळ्यांचे पत्ते उघडे. कॅश गेममधे बऱ्याच ठिकाणी सक्ती नसते, तिथे लोक झाकून बसतात आणि डीलरला घाम फोडतात.

मामांनी घेतलेल्या चिप्स आता परत मागता येतील का, तर टुर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे जे नियम जगभर वापरतात, त्यात पॉटच्या वाटपातली चूक पुढच्या हातात दोन-तीन जण बोलून होईपर्यंतच दाखवता येते. तुमचे पुढचे पत्ते वाटून झाले होते असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा त्या हातात दोन-तीन जण बोलूनही झाले असतील तर नियमाने मामा सुटले. घरात काय करायचं ते घरात ठरवा.

हे झालं सगळे फ्लॉपच्या (बोर्डवरचे पहिले तीन पत्ते) आधीच ऑल-इन गेले तर. हा सोपा प्रकार आहे खरं तर, कारण एकदाच मोजायचं. भांडणं जास्त होतात ती एकजण ऑल-इन असून बाकीचे पुढे खेळत राहतात तेव्हा. समजा मामा ३०० वर ऑल-इन, दादा वहिनी आणि तुम्ही कॉल केलं, मेन पॉट १,२००. तो तिथेच बंद. त्याला वेगळा ढीग करून मामांच्या जवळ सरकवा, बोटीवर आम्ही ऑल-इन झालेल्याच्या समोर तसं लिहिलेलं बटण ठेवायचो, घरी सोंगटी ठेवली तरी चालेल. फ्लॉपनंतर जे काही लागेल ते नव्या ढिगात, मामांच्या ढिगात एक चिपही जाणार नाही. प्रत्येक फेरी संपली की तेव्हाच ढीग वेगळे करायचे, "शेवटी बघू" म्हटलं की संपलं, रिव्हरपर्यंत (पाचवा पत्ता) कोणाला आठवत नाही की टर्नला (चौथा पत्ता) कोणी किती टाकले.

इथे दोन गैरसमज हमखास दिसतात. पहिला, "मेन पॉटमधे तर मी आधीच पैसे भरलेत, साइड पॉट सोडला तरी मेनमधे आहेच की." नाही. फोल्ड म्हणजे फोल्ड, पत्ते गेले की सगळ्या पॉटवरचा हक्क गेला. वहिनींनी टर्नला ८०० लावले आणि दादाने पत्ते टाकले तर तो मामांविरुद्धच्या १,२०० मधूनही बाहेर. पत्ते न टाकता "मी फक्त मेनसाठी थांबतो" असं फक्त ऑल-इन झालेल्यालाच करता येतं. दुसरा गैरसमज उलटा. वहिनींच्या बेटवर दादा आणि तुम्ही दोघांनीही पत्ते टाकले, मग साइड पॉट वहिनींचा, पत्ते न दाखवता. पण लगेच मेन पॉटही ओढायचा नाही, मामा अजून बसलेत, मेन पॉटसाठी दोघांचे पत्ते उघडावेच लागतात. मामा चहा आणायला उठलेले असले तरी.

यातूनच एक गोष्ट निघते जिच्यावर टेबलवर सगळ्यात जास्त डोळे वटारले जातात. साइड पॉट रिकामा असताना ब्लफ. वर सांगितलेल्या हातात फ्लॉप आला, साइड पॉटमधे शून्य, आणि वहिनींनी हातात काही नसताना ५०० लावले. दादाकडे दश्शांची जोडी होती, घाबरून त्याने पत्ते टाकले, तुम्हीही टाकले. आता वहिनींनी जिंकलं काय? शून्य. कारण साइड पॉट रिकामाच होता, त्यांचे स्वतःचे ५०० परत आले. आणि मामांना हरवायला त्यांच्याकडे काही नाही. मामांकडे पंज्यांची जोडी, १,२०० मामांचे, जे दादाच्या दश्शांनी जिंकले असते. टुर्नामेंटमधे बक्षिसाच्या जवळ असं कोणी केलं की बाकीचे चिडतात त्याचं कारण हेच, एक माणूस बाहेर गेला असता तर सगळे एक जागा वर सरकले असते.

पण याचा लोकांनी नियम करून टाकलाय की रिकाम्या साइड पॉटमधे बेट लावूच नये, ते मला पटत नाही. वहिनींकडे गुलामांची जोडी असेल, मामांवर ती बऱ्यापैकी पुढे असेल, आणि दादा एक्का-राजा घेऊन फुकटात दोन पत्ते बघायला बसला असेल, तर त्याला हाकलणं हे चांगलं पोकर आहे, १,२०० वरचा एक गिऱ्हाईक कमी झाला. प्रश्न एवढाच विचारायचा, ऑल-इन झालेल्याला मी हरवू शकतो का. हो असेल तर लावा. नाही असेल तर चेक करा, म्हणजे काही न लावता पाळी पुढे द्या. आणि काहीही झालं तरी तोंडाने "चल, चेक-चेक करू, मामांना काढू" असं म्हणायचं नाही, ते संगनमत झालं, बोटीवर आम्ही त्यावर ताकीद द्यायचो, टुर्नामेंटमधे दंड बसतो. मनातल्या मनात दोघांनी चेक केलं तर कोणी काही म्हणत नाही.

मग येतो अर्धवट रेजचा (म्हणजे समोरची बेट वाढवायची, पण पुरेशी नाही) घोळ. फ्लोअरला असताना मला सगळ्यात जास्त याच्यासाठी बोलावलं जायचं, साइड पॉटसाठी नाही. फ्लॉपवर मावशींनी २०० लावले. मामांकडे २९० च आहेत, ते ऑल-इन. रेज म्हणायला गेलं तर निदान ४०० हवेत, हा फक्त ९० ने वर गेला, म्हणजे पूर्ण रेज नाही. दादाने २९० कॉल केले. परत मावशींची पाळी आली आणि त्या म्हणाल्या रेज, १,०००. चालत नाही. मावशी एकदा बोलून झाल्यात आणि त्यांच्यासमोर पूर्ण रेज आलेला नाही, त्यांनी ९० टाकायचे नाहीतर फोल्ड, बेटिंग त्यांच्यासाठी उघडत नाही. दादाला मात्र रेज करता आला असता कारण तो अजून बोललाच नव्हता, निदान ४९० चा, म्हणजे २९० वर पूर्ण २००. आणि दादाने तो केला असता तर मावशींनाही परत रेजचा हक्क मिळाला असता. अजून एक कंगोरा, मामांच्या २९० नंतर काका ४१० वर ऑल-इन गेले असते तर दोन्ही तुकडे मिळून मावशींच्या २०० वर २१० झाले, मावशींसमोर पूर्ण रेज उभा राहिला, मग उघडलं. लिमिट पोकरमधे (जिथे बेटचा आकडा ठरलेला असतो) अर्धा रेज झाला तरी उघडतं, पण लिमिट आता खेळतो कोण.

ब्लाइंडलाच पैसे संपले तर? बिग ब्लाइंड १०० चा आहे आणि मावशींकडे ६० च आहेत. त्या ६० टाकून ऑल-इन. बाकीच्यांनी ६० टाकून चालेल का? नाही, खेळायचं तर पूर्ण १०० टाकायचे, ब्लाइंड १०० चा आहे, मावशींची गरिबी हा त्यांचा प्रश्न. प्रत्येकाचे ६० मेन पॉटमधे, वरचे ४० साइड पॉटमधे.

बरोबरी झाली तर प्रत्येक पॉट वेगळा वाटायचा, आधी सगळे एकत्र करून मग भाग पाडायचे नाहीत. समजा वरच्या दिवाळीच्या हातात मेन पॉट २,०५० वर मामा, दादा आणि तुम्ही तिघांची बरोबरी झाली आणि सगळ्यात छोटी चिप २५ ची आहे, तर प्रत्येकी ६७५ आणि एक २५ ची चिप उरते. ती उरलेली चिप डीलर बटणाच्या (त्या हातात वाटणारा कोण ते दाखवणारी खूण) डावीकडून जो पहिला जिंकणारा बसलाय त्याची, त्या हातात ते तुम्ही, कारण स्मॉल ब्लाइंड तुम्ही होता. एवढ्या एका चिपेसाठी हजारोंचा पॉट खेळणारी माणसं दहा दहा मिनिटं वाद घालतात हे मी पाहिलंय.

खेळायच्या बाजूने बघितलं तर साइड पॉट कळला की कॉल करायचा हिशोबही बदलतो, आणि इथे चांगले खेळणारेही गफलत करतात. मामांचे ४०० लागले आणि समोर २,०५० चा पॉट, म्हणजे त्यांना पाचातून जेमतेम एकदा जिंकलं तरी पुरे, साडेएकोणीस टक्के. तुमचं तसं नाही. तुमच्या २,५०० ची किंमत ६,९५० च्या पॉटवर लावायची नाही. वरच्या १,४०० साठी तुम्ही एकट्या वहिनींशी खेळताय, तिथे निम्म्या वेळा जिंकायला हवं. एक्का-राजा विरुद्ध राण्यांची जोडी हे साधारण ४३ टक्के पडतं, म्हणजे वरच्या थरात तुम्ही मागे होतात, मधल्या थरात दादाच्या एक्क्यांसमोर तर फारच मागे. पत्ते झाकलेले असताना कॉल समजण्यासारखा आहे, एक्का-राजा कोण टाकतो, पण ३०० चा फायदा झाला तो बोर्डवरच्या राजाने झाला.

छोट्या स्टॅकची, म्हणजे कमी चिप्सवाल्याची, दुसरी बाजू पण लक्षात घ्या. १९८२ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मेन इव्हेंट जॅक स्ट्रॉसने जिंकली, आणि मधे एकदा त्याच्याकडे एकच ५०० ची चिप उरली होती ही गोष्ट पोकरवाले अजून सांगतात. एक चिप आणि एक खुर्ची असेल तर आशा आहे, वगैरे. खरंय, पण हिशोब बघा, ५०० वाला नऊ जणांच्या टेबलवर सगळ्यांनी कॉल केलं तरी एका हातात ४,५०० च्या वर जाऊ शकत नाही. मेन पॉट तेवढाच. म्हणून छोट्या स्टॅकने जास्त लोक आत असताना जाणं फायद्याचं, आणि मोठ्या स्टॅकला त्याच्याशी लढण्यात फार काही मिळत नाही, खरी लढाई बाजूच्या ढिगासाठी.

टुर्नामेंट खेळत असाल तर अजून दोन गोष्टी लागतील. एकाच हातात दोघे बाहेर पडले, समजा मामा ४०० वाले आणि दादा १,१०० वाला दोघेही हरले, तर हात सुरू होताना ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या तो वरच्या नंबरवर, म्हणजे दादा. दोघांच्या सारख्याच असतील तर दोन्ही जागांचं बक्षीस एकत्र करून अर्धं अर्धं. म्हणून मोठ्या ऑल-इनला पॉट वाटायच्या आधी स्टॅक मोजून ठेवलेले बरे, नंतर मिसळलेल्या चिप्समधून सुरुवातीचा आकडा काढणं अशक्य होतं.

आणि बाउंटी असेल, म्हणजे कोणाला बाहेर काढलं की त्याच्या डोक्यावरचं बक्षीस मिळतं तो प्रकार, तर बाउंटी मेन पॉट जिंकणाऱ्याची नसते. बाहेर पडलेल्या माणसाच्या शेवटच्या चिप्स ज्या पॉटमधे होत्या तो पॉट जिंकणाऱ्याची असते. तुमच्या हातात वहिनी बाहेर गेल्या, त्यांच्या शेवटच्या १,४०० दुसऱ्या साइड पॉटमधे होत्या आणि तो तुम्ही जिंकलात, तेव्हा मामांनी तीन नव्व्या कितीही नाचवल्या तरी वहिनींची बाउंटी तुमची.